निदान विचारा तरी!

आज सकाळी फेसबुक उघडलं तर कॉलेजच्या ग्रुपचे सिंहगडावरचे फोटो. पिठलं-भाकरी, भजी, मटक्यातलं दही, सगळे हजर. मला पत्ताच नाही. एकीला फोन केला तर म्हणे, "अगं, तुला उगाच त्रास नको म्हणून नाही सांगितलं." अगं, सिंहगडावर वरपर्यंत गाडीरस्ता आहे! तुम्हीही गाड्या काढूनच गेलात, फोटोत दिसतायत की.

१९व्या वर्षी अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. नवीन, कृत्रिम पायावर चालायला जमलं हळूहळू. पण त्याच सुमारास मैत्रिणींचे फोन येईनासे झाले, ते जास्त लागलं.

तेव्हा पुण्यात नदीकाठी एका ढोल-ताशा पथकाचा सराव बघायला गेले होते. नुसती बघायला. पथकातल्या ताईने माझ्या पायाकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "ढोल बांधणार की ताशा घेणार?" झेपेल का, डॉक्टर काय म्हणतात, आई पाठवेल का, काही नाही. मी ताशा घेतला.

त्रास झाला नाही असं नाही. घामाने सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीत, पाय सरकतो, दिवस चढेल तसा स्टंप, म्हणजे माझा उरलेला पाय, बारीक होतो, मग वर अजून एक मोजा चढवावा लागतो. ताई म्हणायची, "जा, मोजा चढवून ये, तुझी जागा धरते." पुढे मिरवणूकही पार पडली.

जयपूर फूट हा कृत्रिम पाय तयार करताना रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आपल्या माणसांना उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, अनवाणी चालता यावं, इतका विचार केला. आणि माझ्याच मित्रांना मी पंगतीत कशी बसेन याची एवढी धास्ती, की पंगतीलाच बोलवायचं नाही? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्कृती आणि मनोरंजनासाठी स्वतंत्र कलम आहे, २९वं. पण मैत्रिणीने फोन करावा म्हणून काय कोर्टात जाऊ?

वर हेच लोक मला मानसी जोशीचे व्हिडिओ पाठवतात. २०११मध्ये पाय गेला, २०१९मध्ये बासेलला पॅरा-बॅडमिंटनची विश्वविजेती झाली. मला तिचा प्रचंड अभिमान आहे. पण मला सुवर्णपदक नकोय रे, मला तुमच्याबरोबर भजी खायची आहेत!

काळजीपोटी करता, मान्य. कधी कधी मीच नाही म्हणते, तेही खरं. पायाला फोड आला की घरी बसावंच लागतं. पण ते मला ठरवू द्या. ताईलाही काळजी होतीच, म्हणून तर जागा धरायची. विचारायची मात्र आधी.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. तुम्ही वाईट नाही, मला माहितेय. रविवारी बालगंधर्वला नाटकाची तिकिटं काढतेय. मला कडेची खुर्ची लागेल, पाय लांब करायला. कोण कोण येतंय, रात्रीपर्यंत सांगा.