"कुरूप कुणी नसतं, फक्त आळशी असतात" म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला, दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या बायकांच्या ग्रुपवर, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणारच. वर गुलाबाचं फूल, खाली "पटलं तर दहा मैत्रिणींना पाठवा". थोडक्यात म्हणणं असं की "रूपात काय आहे" ही दिसायला बेताच्या लोकांनी स्वतःची काढलेली समजूत आहे, पहिल्या ७ सेकंदांत माणसाची परीक्षा होते, सौंदर्य म्हणजे गणित आहे, देखणे लोक जास्त कमावतात म्हणून चेहऱ्यावरचा खर्च ही गुंतवणूक, कुरूप कुणी नसतंच फक्त आळशी असतात, आणि आईबापांनी हे सगळं मूल पोटात असल्यापासून मनावर घ्यावं. खाली अंगठ्यांची रांग.

मी दिसायला साधी आहे. म्हणजे तुळशीबागेच्या गर्दीत हरवले तर पोलिसांना वर्णन काय सांगायचं हा नवऱ्याला प्रश्न पडेल इतपत साधी. तेव्हा हेही समजूतच म्हणून वाचायला मोकळे आहात.

सुरुवात आळशीपासून करते कारण तेच जास्त झोंबलं. फॉरवर्डमध्ये ते "एका थोर विचारवंताचं" म्हणून दिलंय. प्रत्यक्षात ते वाक्य सांगितलं जातं हेलेना रुबिनस्टाईन बाईंच्या नावावर, आणि या बाई कोण, तर ऑस्ट्रेलियात क्रीमच्या डब्या विकायला सुरुवात करून पुढे जगभर सौंदर्यप्रसाधनांचा धंदा उभा केलेल्या. बाई हुशार, वादच नाही. पण मिठाईवाला "गोड न खाणारे अरसिक असतात" म्हणाला तर आपण हसून पाव किलो घेऊन घरी येतो, त्याचा सुविचार करून फळ्यावर लिहीत नाही. आणि आळशी कोणाला म्हणताय हो? पहाटे साडेपाचला उठून तीन डबे भरून भोसरीला जाणारी बाई संध्याकाळी चेहऱ्याला मुलतानी माती लावत नाही म्हणून आळशी?

बरं मेहनत करून नक्की काय बदलायचं आहे, तर आपल्याकडे दहातल्या नऊ वेळा रंग. तो ठरतो कातडीतल्या मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावरून, आणि मेलॅनिन किती हे आईबापांकडून येतं, वर थोडं ऊन. यात मेहनतीला जागा कुठे आहे? फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ साली, २०२० मध्ये कंपनीने नावातला "फेअर" काढून "ग्लो" घातला. ४५ वर्षं ट्यूबा पिळल्या आपण, आणि शेवटी शब्द कंपनीलाच नकोसा झाला, तरी आमच्या आत्याला नाही झाला.

आणि जे खरोखर मेहनत करतात त्यांचं काय होतं तेही बघितलंय मी. आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, लग्न ठरायच्या आधी कोणीतरी सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणून रोज रात्री लावायची. पहिला महिनाभर चेहरा असा काही उजळला की बाकीच्यांनी ट्यूबचं नाव लिहून घेतलं. मग गाल लाल राहायला लागले, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसायच्या, कपाळावर पुरळ, आणि लावायची थांबवली की तोंड पेटायचं म्हणून परत तीच ट्यूब. उन्हाळ्यात ओढणी ओली करून गालाला धरून बसलेली असायची बिचारी. आत स्टेरॉइड होतं. या प्रकाराला त्वचारोगवाल्यांच्या भाषेत स्वतंत्र नावच आहे इतका तो आपल्याकडे पसरलाय, आणि त्यापायीच २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे, ट्यूब मिळते, तुम्हाला माहितीच आहे.

याहून वाईट म्हणजे पारा. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो, तो मेलॅनिन तयार होणं अडवतो म्हणून रंग उतरल्यासारखा दिसतो, पण कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मधले मूत्रपिंडाची गाळणी बिघडलेले २२ पेशंट तपासले, त्यातल्या १५ जणांमध्ये त्या आजाराचा एक ठराविक प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं होण्याची क्रीम लावत होते. हे सगळे मेहनती लोक बरं का. रोज न चुकता लावणारे.

आता ७ सेकंद. उलट आमच्या फॉरवर्डवाल्याने फार जास्त दिले. प्रिन्स्टनच्या दोन संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की समोरच्याचा चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोक हा भरवशाचा, हा नाही असं ठरवून मोकळे होतात, आणि जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, नुसती खात्री वाढते. झटकन मत होतं म्हणजे ते बरोबर असतं असं कोण म्हणालं? वधूवर मेळाव्यात याच वेगाने नापास झालेले आम्ही दोघं, आज लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि पहिल्या भेटीत मला हा माणूस विमा एजंट वाटला होता.

"सौंदर्य हे गणित आहे, १.६१८" हा मुद्दा, म्हणजे चेहऱ्याची मापं एकमेकांशी १.६१८ या "दैवी" प्रमाणात असली की माणूस सुंदर, वाचून खरं तर मला मजा आली. चेहऱ्यावर पट्टी कुठून कुठे लावायची ते तुम्हीच ठरवणार, भुवईपासून हनुवटीपर्यंत नाही जमलं तर केसांपासून ओठापर्यंत, मग कुठेतरी १.६ च्या आसपास येतंच की. माझ्या कुकरची उंची आणि रुंदी मोजली तरी येईल. पण चेहऱ्यावर खरोखर जे प्रयोग झालेत ते याहून गमतीशीर आहेत. १८७८ च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी कैद्यांचे फोटो एकावर एक छापले, हेतू हा की "गुन्हेगाराचा चेहरा" असा काही असतो तो सापडेल. सापडलं काय, तर एकत्र केलेला चेहरा सुट्या कैद्यांपेक्षा बराच बरा दिसत होता! पुढे १९९० मध्ये अमेरिकेत दोघींनी हेच कॉम्प्युटरवर केलं, साध्यासुध्या विद्यार्थ्यांचे १६, ३२ चेहरे मिसळले, आणि लोकांनी त्या मिसळलेल्या चेहऱ्यांना जास्त मार्क दिले. आता यावरून साधे चेहरेच खरे सुंदर असं मी म्हणणार नाही, सरासरी काढलेला चेहरा वेगळा आणि पीएमटीत शेजारी बसलेल्या काकूंचा वेगळा. पण ज्याला तुम्ही दैवी प्रमाण म्हणताय ते आपल्यासारख्यांच्याच चेहऱ्यांची बेरीज भागिले माणसं आहे, एवढं तरी कळतं ना. गणितच पाहिजे तर हे घ्या.

पैशाचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, तो मान्य करते. हॅमरमेश आणि बिडल या दोन अर्थशास्त्रज्ञांचा १९९४ चा अभ्यास आहे, अमेरिका आणि कॅनडाच्या आकड्यांवर, त्यात दिसायला बऱ्या नसलेल्यांना साधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी पगार मिळतो असं निघालं. हा अन्यायच आहे आणि आपल्याकडेही रिसेप्शनला कोणाला बसवतात आणि आत स्टोअरमध्ये कोणाला, हे एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही विचारा. पण फॉरवर्ड इथून उडी मारून "म्हणून खर्च करा" वर जातो. त्याच हॅमरमेशने पुढे शांघायमधल्या १९९६ च्या पाहणीवरून तेही तपासलं, की बायका कपडे आणि मेकअपवर जो खर्च करतात तो पगारातून भरून येतो का. येतो, पण अगदी चिमूटभर, बाकी सगळी हौस. हौस करा ना, मी पण लक्ष्मी रोडला गेले की रिकाम्या हाताने येत नाही, पण तिला एसआयपी म्हणू नका.

आता पोटात असल्यापासूनचं. माझ्या लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात घरात केशराच्या चार डब्या जमल्या होत्या, सगळ्या "दुधातून घे, रंग उजळेल" म्हणून. दूध छान लागलं. लेक माझ्यासारखीच झाली. मग मालिशवाल्या मावशी यायच्या, डाळीचं पीठ आणि साय लावून अंग चोळायच्या, आणि शेवटी दोन बोटांत तिचं नाक धरून वर ओढायच्या, "धारदार होतं गं, मुलीची जात आहे". चाळीस दिवसांची पोर लालबुंद होऊन रडायची आणि माझी आई आणि आत्या बाजूला बसून तिच्या कानाची पाळी उलटून बघायच्या, कारण खरा रंग म्हणे कानावर कळतो. "जन्मली तेव्हा गोरी होती, रापली" असंही झालं, आणि त्याचं खापर माझ्यावर, मी गच्चीत उन्हाला घेऊन बसायचे म्हणून. अहो, बाळाचा जन्मावेळचा रंग तसाच राहत नाही, मेलॅनिन पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत वाढतं आणि मग रंग स्थिर होतो, यात गच्चीचा काय दोष! पीठ लावून लव जाते का ते माहीत नाही, पोरीच्या मांडीवर पुरळ मात्र आलं होतं.

इथे ग्रुपवर माझ्या मावसबहिणीने उत्तर दिलं होतं, "आत्या, प्रत्येकजण सुंदरच असतो गं, बघणाऱ्याची नजर हवी", बदाम, बदाम. आणखी एकीने "आपला विठूराया पण सावळाच की" टाकलं. प्रेमाने म्हणतात, पण मला हे पण नको. पालखी पुण्यात आली की सावळ्या रूपाला डोळे भरून हात जोडणारी आमचीच माणसं महिन्याभराने स्थळ बघताना "जरा डावी आहे रंगाने" म्हणतात, तेव्हा त्या विठ्ठलाला मध्ये घालू नका. आणि प्रत्येकजण सुंदर असायलाच हवं हा हट्ट कशाला? मला सुरात गाता येत नाही. म्हणून कोणी पाठीवर हात ठेवून "प्रत्येक गळा गोडच असतो" असं सांगायला येत नाही, मी डिसेंबरात सवाईला जाते, चटईवर बसते, ऐकते, वडापाव खाते, घरी येते. गाणं येत नसण्याचं जेवढं होतं तेवढंच दिसण्याचं व्हावं. म्हणजे काहीच होऊ नये.

हे सगळं आत्ता एवढं वर आलं ते भाचीमुळे. तिचा बायोडेटा बनवायचा चाललाय. एका मोठ्या विवाहाच्या साइटने २०२० मध्ये रंगावरून शोधायची सोय काढून टाकली, बातम्या आल्या होत्या, पण आपल्या पीडीएफमध्ये "वर्ण" चा रकाना ठाण मांडून आहे आणि त्यात "निमगोरा" हा आपला खास शब्द, सावळ्यापासून गव्हाळपर्यंत सगळ्यांना पांघरूण घालणारा. ताईने तोच लिहिलेला. भाचीने खोडून "सावळा" केलं. वर तिच्या डोक्यात नाकाचं भूत, फार मोठं आहे म्हणून ऑपरेशनचे रेट बघत होती, सगळा पुरावा सेल्फीचा. तिला म्हटलं अगं फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा ३० टक्के रुंद दिसतं, डॉक्टरांनीच २०१८ मध्ये हिशोब करून छापलंय, तू हात लांब कर आधी.

शनिवारी डेक्कनजवळच्या एका स्टुडिओत गेलो. मुलाने फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि आम्ही काही बोलायच्या आत माउस फिरवायला लागला. गालावरचा तीळ गेला. डोळ्यांखालचं गेलं. मग एक पट्टी उजवीकडे सरकवली तशी भाची आमच्यादेखत पांढरी पांढरी होत गेली, मानेपर्यंत, मान मात्र तशीच राहिली. "अजून थोडं उजळवू का मॅडम?"

ती म्हणाली, "दादा, मुलगा मला भेटायला येणार आहे. ओळखेल का?"

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे, आणि सगळं मागे घेतलं. तीळ परत आला. प्रिंटला टाकता टाकता मला म्हणाला, "काम कमी झालं तरी पैसे तेवढेच होतील हां काकू."