तोडी जरूर ऐका, पण बीपीची गोळी घेऊन

मागच्या महिन्यात साताऱ्याला मावशीकडे गेले होते. सकाळी चहा झाला तरी तिचा औषधांचा डबा काही ओट्यावर दिसेना. विचारलं तर म्हणाली, "अगं, बीपीची गोळी सोडली मी. बारा दिवस झाले. रोज वीस मिनिटं तोडी राग ऐकते. बीपी एकदम नॉर्मल!" आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला तो संदेश मी आधी तीन ठिकाणी पाहिला होता आणि न वाचताच सोडून दिला होता. त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

मशिन काढून दाब मोजला. १८४/१०६. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १७८/१०२. आठवडाभर तिचं डोकं जड होतं, पण ऊन लागलं असेल म्हणून तिने ते अंगावर काढलं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली. निभावलं. पण हा संदेश अजून फिरतोच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

संदेशाचं नाव 'संगीताचे मेंदूवर होणारे सात चमत्कार'. त्यातले दावे थोडक्यात असे: रोज वीस मिनिटं तोडी किंवा अहिर भैरव ऐकल्याने उच्च रक्तदाब मुळापासून बरा होतो आणि गोळ्यांची गरज राहत नाही, इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याचा निद्रानाश पूरिया रागाने गेला, हा त्याचा पुरावा, ४३२ हर्ट्झ ही निसर्गाची कंपनसंख्या असून ४४० हर्ट्झ नाझींनी लोकांची मनं अस्वस्थ करायला जगावर लादली, ५२८ हर्ट्झने डीएनए दुरुस्त होतो, मोझार्ट ऐकल्याने मुलांचा बुद्ध्यांक वाढतो, गरोदर बाईने पोटाला हेडफोन लावले तर बाळ हुशार होतं, आणि संगीत फक्त उजव्या मेंदूत असल्याने ते तर्काच्या पलीकडचं आहे.

पहिल्या दाव्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण त्याने माणूस मरू शकतो.

मावशी फसली ती अडाणी आहे म्हणून नव्हे. तिने चक्क वही ठेवली होती. गोळी सोडल्यानंतरच्या चार दिवसांचे आकडे तिने नीट लिहिले होते: १३४, १३२, १३८, १३६. चार दिवस दाब वाढला नाही म्हणजे राग लागू पडला, असं मानून पाचव्या दिवसापासून तिने मोजणं थांबवलं. आता यातली गोम बघा. तिची गोळी अ‍ॅम्लोडिपिनची. हे औषध शरीरातून फार सावकाश जातं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे त्या चार दिवसांत मावशी तोडी ऐकत होती हे खरं, पण दाब बराचसा धरून ठेवला होता तो आधी घेतलेल्या गोळ्यांनी. औषध उतरत गेलं तसा दाब चढत गेला आणि तोवर वही बंद झाली होती. 'मी स्वतः करून पाहिलं, चार दिवसांत फरक' असं लिहिणाऱ्या कितीजणांचं हेच झालं असेल!

दुसरी गोष्ट, ती दाब मोजायची तो राग ऐकून झाल्यावर लगेच, खुर्चीत डोळे मिटून वीस मिनिटं बसल्यानंतर. दाब मोजण्याआधी पाच मिनिटं तरी शांत बसा, असं डॉक्टर उगाच सांगत नाहीत. नुसतं बसल्यानेही आकडा उतरतो. दवाखान्याचा जिना चढून गेल्यावरच्या आकड्याशी त्याची तुलना करून रागाला श्रेय देणं चूक आहे.

आणि मावशीची गोळी निदान हळू उतरणारी होती. क्लोनिडिनसारखी गोळी एकदम थांबवली तर दाब उसळून वर जातो. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी, अचानक सोडली तर हृदयरोग्याच्या छातीत कळा येऊ शकतात. संदेश लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल, तर 'गोळ्या बंद करा' हे तीन शब्द लिहायचा अधिकार त्याला कुणी दिला?

आता यात जे अर्धं खरं आहे ते मान्य करते, जरी या संदेशाला काहीही द्यायची माझी इच्छा नसली तरी. संगीत ऐकल्याने रक्तदाब थोडा खाली येऊ शकतो. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या २६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. एकूण रुग्ण १३६९. संगीत ऐकणाऱ्यांची चिंता कमी झाली, नाडी आणि वरचा रक्तदाब थोडा उतरला. पण त्याच अहवालात म्हटलंय की या फरकाचा रुग्णाला प्रत्यक्षात किती उपयोग, हे स्पष्ट नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हे, की तिथे तुलना होती ती 'नेहमीचे उपचार' आणि 'नेहमीचे उपचार अधिक संगीत' यांच्यात. संगीतासाठी गोळ्या सोडा, असं त्या रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. संगीताच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मला तरी सापडला नाही, आणि तोसुद्धा गोळीच्या जोडीने उभा आहे.

मुळात 'तोडी' म्हणजे काय गोळी आहे? कुठली तोडी? मियाँ की, गुर्जरी, बिलासखानी, भूपाल? विलंबित (संथ) की द्रुत (जलद)? सतारीवर असेल तर सुरुवातीचा संथ आलाप की शेवटचा वेगवान 'झाला'? ज्याने एक मैफल पूर्ण ऐकली आहे त्याला सांगायला नको की सुरुवातीच्या आलापात श्वास संथ होतो आणि शेवटच्या झाल्यात छाती धडधडते. राग तोच. इटलीच्या लुचियानो बर्नार्डी यांनी हेच मोजलं आणि २००६ साली 'हार्ट' या नियतकालिकात मांडलं. २४ माणसांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात आपला रागही होता. लय वाढली की श्वास, नाडी, दाब वाढले. शैलीपेक्षा लयीचा परिणाम मोठा होता. आणि मध्येच दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा त्या शांततेत नाडी आणि दाब सुरुवातीपेक्षाही खाली आले. तोडीच्या कोमल रिषभात औषध भरलंय, असं म्हणणाऱ्याने हा प्रयोग वाचावा.

मुसोलिनीची गोष्ट. पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी त्याला पूरिया ऐकवला आणि तो झोपला, असं सांगतात. खरी धरू. एका माणसाला एका रात्री उत्तम गाण्याने झोप लागली. आपल्याकडे प्रत्येक आईला हे अंगाईमुळे ठाऊक आहे. त्यातून रागाने रक्तदाब मुळापासून बरा होतो, हे कसं निघतं?

४३२ हर्ट्झच्या मुद्द्याने मला वेगळा राग येतो, कारण तो आपल्याच गाण्याचा अपमान आहे. ४४० हा आकडा म्हणजे वाद्यवृंदातल्या 'ए' या स्वराची ठरवून घेतलेली उंची. जर्मनीत श्टुटगार्टला १८३४ साली योहान शाइबलर यांनी तो सुचवला होता. नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स याचा जन्म १८९७चा. फ्रान्सने १८५९ साली कायदा करून ४३५ ठरवला होता, १९३९च्या लंडन परिषदेत ४४० वर एकमत झालं, १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं. वेगवेगळ्या गावच्या वाद्यांना एकत्र वाजता यावं, एवढाच त्याचा हेतू. शिवाय हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. निसर्ग सेकंद मोजत बसत नाही.

आणि आपल्याकडे तर 'सा' बांधलेलाच नाही! मावशी स्वतः काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून गाते. त्यांच्या मंडळात कुणाचा गळा बसला तर पेटीवाले काका पट्टी उतरवून पांढरी चारवर येतात. पुरुष गवई काळी एक, पांढरी दोन धरतात. ज्याच्या गळ्याला जी पट्टी मानवेल ती त्याची. ४३२ आणि ४४० यांच्यातला फरक अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही किंचित कमी आहे. काळी चार आणि पांढरी चार यांच्यातला फरक त्याच्या नऊपटीहून जास्त. तेवढ्याने माणसाचं मन बिघडत असतं, तर पट्टी बदलताना आख्खं भजनी मंडळ आजारी पडलं असतं. हे मी मावशीला पेटीवर दाखवलं आणि तिला ते ताबडतोब पटलं. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षाही लवकर. ५२८ हर्ट्झ आणि डीएनए यावर मी शब्द खर्च करत नाही. कानावर पडलेल्या स्वराने पेशीतला डीएनए दुरुस्त होत नाही.

मोझार्ट. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक पानभर निबंध आला. कॅलिफोर्नियातले ३६ कॉलेजचे विद्यार्थी, दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची सोनाटा, नंतर कागद घडी घालण्या-कापण्यासारखी कोडी. ती थोडी बरी सुटली, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. लहान मुलं त्यात नव्हतीच. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. २०१० साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी चाळीसेक अभ्यास, तीन हजारांवर माणसं एकत्र मोजली आणि मोझार्टची म्हणून काही खास करामत त्यांना सापडली नाही. आवडीचं काहीही ऐकून मन ताजंतवानं झालं की कोडी जरा बरी सुटतात. कॅनडातल्या एका प्रयोगात ज्यांना गोष्ट ऐकायला आवडली त्यांना गोष्टीनेही तेवढाच फायदा झाला.

पोटाला हेडफोन हा मुद्दा मी सोडणार होते, पण मावशीच्या सुनेला सातवा महिना आहे आणि हेडफोन घरात येऊन पडले होते. यातही अर्धं खरं आहे. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येतं. फिनलंडमध्ये २०१३ साली दिसलं की शेवटच्या महिन्यांत वारंवार ऐकवलेली धून बाळाचा मेंदू जन्मानंतर काही महिने ओळखतो. ओळखतो, इतकंच. त्यातून बुद्धी वाढते हे त्या अभ्यासात नाही. उलट पोटाला चिकटवलेल्या हेडफोनचा आवाज आत किती पोचतोय हे बाहेरून कळत नाही, आणि बाळाला कान झाकून घेता येत नाहीत. आई बोलते, गुणगुणते, ते तिच्या शरीरातूनच बाळापर्यंत जातं. वहिनीला मी एवढंच म्हटलं, हेडफोन परत कर आणि तूच गा.

उजव्या मेंदूचं एका वाक्यात सांगते: गाणं ऐकताना ताल, स्मृती, भावना, हालचाल, भाषा यांची केंद्रं दोन्ही बाजूंना कामाला लागतात. यातली खरी आश्चर्यकारक गोष्ट संदेशात आलेलीच नाही, याचं मला दुःख होतं. डाव्या मेंदूत झटका येऊन वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट गाता येतं. त्यावरून बॉस्टनमध्ये १९७३ साली सुरात बोलायला शिकवण्याची पद्धत निघाली. पार्किन्सनच्या रुग्णाचे अडखळणारे पाय ठेक्यावर सरळ पडू लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर 'द लॅन्सेट'मध्ये २०१५ साली सत्तरहून अधिक चाचण्यांचा आढावा आला: संगीत ऐकणाऱ्यांना दुखणं कमी जाणवलं आणि वेदनाशामकं कमी लागली. हे सगळं खरं आहे आणि ते रुग्णालयात, उपचारांसोबत, मोजूनमापून केलेलं आहे.

निघताना मावशीने विचारलं, "मग तोडी ऐकू की नको?" ऐक की! जन्मभर ऐकत आलीयेस. फक्त आता वहीत आकडा लिहायचा तो गाणं लावायच्या आधीचा, आणि त्याच्या बाजूला गोळी घेतल्याची खूण. काल तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. १३८. खूण आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवरही तिने आपले दोन्ही आकडे टाकले, १८४ आणि १३८. त्यानंतर मंडळातल्या आणखी दोघीजणींनी तिला फोन करून सांगितलं की त्यांनीही गोळ्या बंद केल्या होत्या.