कार्ल्सरुहे, वॉर्सॉ आणि आपलं जबलपूर

युरोपातल्या एखाद्या देशाच्या घटना न्यायालयाने युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाला ठणकावलं, की इंदूरच्या आमच्या मराठी वकील मंडळींत शाबासकी सुरू होते: 'असा बाणा हवा!' मला हे सरसकट पटत नाही.

संघाचा कायदा देशाच्या कायद्याहून वरचढ, हे लक्झेंबर्गने १९६४ मध्ये सांगितलं. १९७० मध्ये तर देशाची राज्यघटनाही आड येऊ शकत नाही, असं ठरवलं. तेव्हा जर्मनीतलं कार्ल्सरुहेचं घटना न्यायालय उभं राहिलं. तुमच्याकडे मूलभूत हक्कांची सनद नाही, तोवर तुमचे नियम आम्ही आमच्या घटनेतल्या हक्कांवर घासून बघणार, असं त्याने १९७४ मध्ये बजावलं. पुढे लक्झेंबर्ग हक्कांचं रक्षण वाढवत गेलं आणि १९८६ मध्ये कार्ल्सरुहेने आपणहून हात आखडता घेतला. हे भांडण नागरिकासाठी होतं. त्याला माझाही सलाम.

पण संघाच्या करारातली काही कलमं पोलंडच्या राज्यघटनेत बसत नाहीत, असं सांगणारा वॉर्सॉच्या घटना न्यायालयाचा ऑक्टोबर २०२१ मधला निकाल? तो पंतप्रधानांच्याच अर्जावर आला. वाद होता न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा. त्याच महिन्यात, न्यायाधीशांवर कारवाई करणारा कक्ष थांबवला नाही म्हणून लक्झेंबर्गने पोलंडला दिवसाला १० लाख युरो दंड लावला. सार्वभौमत्वाची भाषा तीच, लाभ मात्र सरकारचा.

मध्य प्रदेशातल्या आपण तर हे ओळखायलाच हवं. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना कैदेत ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्यांची हेबियस कॉर्पस याचिका (कैद कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासावं अशी मागणी) ऐकता येते, असं आपल्या जबलपूरच्या उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ते फिरवलं. न्या. खन्ना एकटे ठाम राहिले. तुरुंगातल्या माणसाला दिल्लीपलीकडे दाद मागायला जागाच नव्हती! तो निकाल रद्द व्हायला २०१७ उजाडलं. रद्द करणाऱ्या निकालपत्राचे एक लेखक न्या. धनंजय चंद्रचूड, १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. वडिलांचा निकाल मुलाने चुकीचा म्हणावा, याला धैर्य लागतं. पण ४१ वर्षं!

म्हणून आपल्या न्यायालयाची चूक बाहेरच्या कुणी दाखवली तर त्यात मला देशाचा अपमान दिसत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला; नागरिकाला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे थेट तक्रार करू देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल मात्र नाही. तो स्वीकारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. समितीचं म्हणणं आपल्या न्यायालयावर हुकूम म्हणून चालणार नाही, हे मान्य. तरी तुरुंगातल्या माणसाची कैफियत कुठेतरी लिहून घेतली जाईल, आणि सरकारला तिचं लेखी उत्तर द्यावं लागेल.