किती मिळाले?

रविवारी मुंबई मॅरेथॉन झाली. डोंबिवलीचा माझा भाचा कॉलेजतर्फे पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक होता. पोराने मध्यरात्रीच घर सोडलं. पेडर रोडवरचे फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली दाजींचा मेसेज आला, 'किती मिळाले? काही नाही ना? प्रायोजकांची जाहिरात आणि आमच्या पोरांची फुकट हमाली.' त्यावर तीन काकांचे अंगठे. चार दिवस झाले, ते 'फुकट' डोक्यातून जात नाही.

नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉनला मी हेच काम केलं. त्या रात्री घड्याळं एक तास मागे जातात, म्हणून झोप तेवढी जास्त. जर्सी सिटीहून पहाटेची पाथ लोकल, मग आर ट्रेन, मग ब्रुकलिनची फोर्थ ॲव्हेन्यू. कागदी पेले काठोकाठ भरायचे नाहीत. टेबलभर एक थर झाला की वर पुठ्ठा, त्यावर दुसरा थर. पेला असा धरायचा की धावणाऱ्याला तो वेग न मोडता उचलता यावा. आधी व्हीलचेअरवाले सुसाट गेले, मग आघाडीच्या बायका, मग पुरुष, आणि नंतर तासन्‌तास माणसंच माणसं, 50,000 हून जास्त. पायाखाली पेल्यांचा लगदा, तो आम्हीच ओढून बाजूला करत होतो. तिथे कोणी कोणाला 'किती मिळाले' विचारलं नाही. दाजी, इथली माणसं प्रत्येक कामाचा भाव काढत बसत नाहीत, हे मी रोज बघतो.

सगळे निव्वळ सेवाभावाने आले होते असं मी म्हणणार नाही. इथे मॅरेथॉन भरवणाऱ्या क्लबचं सभासद होऊन वर्षभरात त्यांच्या ठरावीक नऊ शर्यती धावल्या आणि एक दिवस स्वयंसेवा केली, की पुढच्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये जागा पक्की. माझ्या टेबलावरचे कितीतरी जण त्यासाठीच आले होते. मग भाच्याला प्रमाणपत्र मिळालं तर बिघडलं कुठे? आणि प्रायोजकांचं म्हणाल, तर दोन्ही शर्यतींच्या नावात टाटाच आहेत. इथे 2014 पासून टीसीएस, मुंबईत 2018 पासून टाटा. माझे ब्रुकलिनचे फोटो आले तेव्हा याच ग्रुपवर तुम्ही 'वा, याला म्हणतात शिस्त' असं लिहिलं होतंत. तेच टेबल, तेच पेले पेडर रोडवर मांडले की ती हमाली होते?

मला खरं लागलं ते वेगळंच. चौदा वर्षं मी या देशात आहे. ग्रीन कार्ड अजून रांगेत. पगार कोणाकडून घ्यायचा हे व्हिसावर ठरलेलं, नोकरी बदलायची तर पुन्हा वकील आणि अर्ज. त्या टेबलावर मात्र मी कोणाच्या परवानगीने राबतोय हे कोणाला पडलेलं नव्हतं. स्वयंसेवकाचं जॅकेट घातलं होतं, तर एका आजींनी मला थांबवून विचारलं की रस्ता ओलांडायला कुठून सोडतायत. मी दाखवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता माझा असल्यासारखं कोणीतरी माझ्याशी बोललं. पैसे देऊन हे मिळत नाही, आणि पगार घेऊन मला ते आजवर मिळालेलं नाही.

मुंबईत पहिली मॅरेथॉन 2004 मध्ये झाली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. पुढची काही वर्षं तिथेच नोकरी केली. पेडर रोडवरच्या बिल्डिंगांमधली माणसं खाली उतरून धावणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी, बिस्किटं देतात, हे दरवर्षी वाचायचो. एकदाही गेलो नाही. रविवार म्हणून झोपून राहिलो. ज्या शहरात मला कोणीही कागद विचारले नसते, तिथे मी एक पेला पाणीसुद्धा कोणाला दिलं नाही.

भाच्याने दिलं. काल फोनवर तो सांगत होता की एका काकांनी पाणी पिऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच पुढे चढ चढत गेले. हे सांगताना त्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. ग्रुपवर त्याने यातलं काही लिहिलेलं नाही. पुढच्या जानेवारीत व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळाली तर मी येणार आहे, त्याच्याच टेबलावर. दाजी, तुम्हीही चला.