सीरियन निर्वासितांवरचा तो मेसेज खोटा आहे

काल मावशीनेही तोच मेसेज पाठवला. ती कुणाचं वाईट चिंतणारी नाही, म्हणून जास्त लागलं. मेसेजचं म्हणणं असं: सीरियाचा हुकूमशहा असद पळाला, युद्ध संपलं, तरी सीरियन निर्वासित परत जात नाहीत, कारण छावणीत आयतं खायची सवय लागली आहे. पुरावा काय, तर हेच लोक मधूनच गावी जाऊन येतात, म्हणजे तिथे धोका नाहीच.

परत जात नाहीत, हे धडधडीत खोटं. असद ८ डिसेंबर २०२४ ला पळाला; पुढच्या सप्टेंबरपर्यंत सुमारे दहा लाख निर्वासित परतले होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने जॉर्डन, लेबनॉन, इराक आणि इजिप्तमधल्या सीरियनांना विचारलं होतं, वर्षभरात परत जाणार का? २०२४ च्या पाहणीत हो म्हणणारे २ टक्केसुद्धा नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये ते २७ टक्के झाले. मधल्या काळात राजवट बदलली. आयत्या खाण्याने लोक अडकले असते, तर हा आकडा जागचा हलला नसता.

छावणीचं तर बोलूच नका. तुर्कस्तानातले बहुतेक सगळे सीरियन छावणीबाहेर, भाड्याच्या घरांत राहतात आणि राबून खातात.

पण डोकं फिरतं ते 'जाऊन येतात' या मुद्द्याने. तुर्कस्तानने २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत कुटुंबातल्या एकाला तीनदा जाऊन यायची मुभा दिली होती, ती बघून ठरवता यावं म्हणूनच! तो माणूस काय बघतो? घर उभं असलं तरी दारं-खिडक्या चौकटींसकट गेलेल्या असतात, फरशा उचकटलेल्या, भिंती फोडून वायरी ओढून नेलेल्या. पाणी येतं का? शाळेत शिक्षक आहेत का? ऑलिव्हच्या बागेतले सुरुंग कुणी काढलेत का? घरात दुसरंच कुटुंब राहत असेल, तर आपल्याकडे कागद आहे का? असदच्या २०१८ च्या १० क्रमांकाच्या कायद्याने पुनर्विकासात घेतलेल्या भागात मालकी सिद्ध करायला आधी अवघे ३० दिवस दिले होते. नंतर ते वर्षभर केले, पण अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्याने कागद आणायचा कुठून? एवढं सगळं बघून तो येतो, घरी सांगतो, आणि मग घरचे ठरवतात.

एक मात्र मान्य करावं लागेल: सगळे परत जाणार नाहीत. बॉस्नियात युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर कित्येकांनी घर परत मिळवलं आणि विकून टाकलं. मुलं दुसरीकडे मोठी झाली होती, शेजार बदलला होता. तुर्कस्तानात जन्मलेल्या सीरियन पोराला धड अरबी लिहिता येत नसेल, तर आईबाप दहादा विचार करणारच. याला आयतखाऊपणा म्हणत नाहीत.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग त्या घरात जे राहायला आलेत, ते कोण?"

पुष्कळदा तेही कुठून तरी पळून आलेलेच असतात.