चुरचुरतंय

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण आलं. आमच्या तालुक्याच्या गावी एका खाजगी हॉस्पिटलात केमोचं डे-केअर सुरू होतंय. मागेपुढे होणाऱ्या खुर्च्या, एसी, टीव्ही, माशांची टाकीसुद्धा! फोन करून विचारलं, सिस्टर कोण आहेत? म्हणे, "मॅटर्निटीतल्या दोघी घेतोय. सलाइन लावता येतं त्यांना. वेगळं शिकवायला पैसे नाहीत."

सलाइन लावता येतं. बरं.

८ वर्षांपूर्वी आईची लाल केमो चालू होती. (डॉक्सोरुबिसिन, पण वॉर्डात सगळे 'लाल'च म्हणतात.) हॉस्पिटल दुसरं, नाव घेत नाही. सुई डाव्या मळहातावर. आई म्हणाली, "सिस्टर, चुरचुरतंय." उत्तर आलं, "होतं थोडं, काकू." दहा मिनिटांनी परत, "अगं, चुरचुरतंय गं." मग त्या मुलीने घाईघाईने सुई उपसली आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

मला तरी तेव्हा कुठे काय कळत होतं! पिशवी मीच भरून आणली होती.

नंतर कळलं. चुरचुरतंय म्हणजे औषध शिरेबाहेर झिरपत असू शकतं, म्हणून पहिल्या 'चुरचुरतंय'लाच ते बंद करायचं. सुई लगेच काढायची नाही, तिच्यातूनच सिरिंजने जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढायचं. आणि लाल औषधाला बर्फ, शेक नाही. व्हिन्क्रिस्टिन (केमोचंच दुसरं औषध) असेल तर उलटं, तिथे शेक. सलाइन लावता येणाऱ्याला हे आपोआप येतं का हो? आईचा हात काळा पडला, मांडीची कातडी काढून तिथे लावली, पुढची केमो लांबली. अजून ती फोटोत हात पदराखाली घेते.

हो, एकेका सिस्टरच्या गळ्यात पंधरा-पंधरा पेशंट असतात, मान्य. पण शिकवायला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी माशांची टाकी कशातून आणली?

उरलेले डोस दुसरीकडे घेतले. तिथली सिस्टर केरळची, मराठी मोडकंतोडकं. औषध सोडण्याआधी नळीत रक्त मागे येतंय का ते बघायची आणि आईला बजावायची, "आई, जळलं तर ओरडायचं. लाज नाय." मला थर्मामीटर घ्यायला लावलं. केमोनंतर १००.४ ताप दिसला की घरी क्रोसिन देऊन दाबायचा नाही, रात्री दोन वाजले तरी निघायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. एकदा निघालो तसे. आई आहे आज.

आणि ती पहिली मुलगी? २२-२३ची असेल. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून रडत होती. तेव्हा तिच्यावर खूप ओरडले मी. आज वाटतं, तिला त्या वॉर्डात येऊन आठवडाही झाला नव्हता, तिला 'चुरचुरतंय'चा अर्थ कोणी सांगितला होता?

उद्घाटन रविवारी, नंतर अल्पोपहार. मी जाणार आहे. आईलाही नेतेय. फक्त हात पदराबाहेर काढ म्हणून तिला मनवायचंय.