नाळेवर हळद नको, आणि लाली दिसली की थांबायचं नाही

सांगलीत राहून हळदीच्या विरोधात लिहायचं म्हणजे धाडसच. पण नवजात बाळांच्या कक्षात नर्स म्हणून काम करते, म्हणून लिहितेच. तान्ह्या बाळाच्या ओल्या नाळेवर हळद, तेल, राख, वेखंड काहीही लावू नका. नाळ कोरडी ठेवा, लंगोट बेंबीच्या खाली बांधा. साधारण ५ ते १५ दिवसांत ती आपोआप गळते.

याहून जास्त चीड मला बाळाची छाती पिळण्याची येते. आईच्या संप्रेरकांमुळे काही बाळांची छाती फुगते, मुलगा असो की मुलगी, कधी थेंबभर दूधही येतं. काही आठवड्यांत ते ओसरतं. पण न्हाऊ घालणाऱ्या मावशी ‘दूध काढून टाकते’ म्हणत दाबतात, नाजूक कातडी दुखावते आणि जंतूंना वाट मिळते.

ओल्या नाळेतून किंवा दुखावलेल्या छातीतून जंतू आत शिरले की तिथे लाली येते. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक बाळं बरी होतात. पण काहींमध्ये जंतू कातडीखालच्या थरांत पसरतात आणि ते थर मरत जातात. डॉक्टर याला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. वर लाली थोडी दिसते, आत आजार कितीतरी पुढे गेलेला असतो. सकाळी रुपयाएवढी असलेली लाली संध्याकाळी अर्ध्या पोटावर जाऊ शकते. मग कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड होते, जांभळट पडते, फोड येतात. बाळ दूध ओढत नाही, मलूल होतं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, या वयात अंग गारही पडतं. नवजात बाळांमधल्या नोंदवलेल्या केसेस पाहिल्या तर निम्म्याच्या आसपास बाळं दगावलेली दिसतात.

म्हणून माझा हट्ट साध्या पेनाचा आहे. लालीच्या कडेने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा आणि लगेच दवाखान्यात निघा. रेघ ओढून घरी वाट बघत बसायचं नाही. जत, आटपाडीहून मिरजेला यायला दोन तास तरी जातात. तेवढ्यात लाली रेघेपुढे किती सरकली, हे दारातच डॉक्टरांना दिसतं. मेडिकलमधून मलम आणून दोन दिवस घालवले, तर तेच दोन दिवस महागात पडतात.

आणि डॉक्टरांनाही हात जोडून सांगणं आहे, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतानाच सर्जनला बोलवा. कल्चरचा, म्हणजे जंतू कोणते ते शोधणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. एक्स-रेत कातडीखाली हवा दिसली नाही, म्हणून हा आजार नाही असं होत नाही. शंका असेल तर उघडून बघणं हीच खरी तपासणी.

‘एवढ्याशा जिवाला कापायचं?’ असं आजी विचारते तेव्हा मला तिचा राग येत नाही. पण मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? तो भाग काढावाच लागतो, कधी दुसऱ्या-तिसऱ्यांदाही. जखम मोठी दिसते, पण ती पुढे भरते, गरज पडली तर त्वचारोपण करतात. सही करायला उशीर करू नका.

पैशासाठीही थांबू नका. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण सरकारी रुग्णालयात मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळाला दुपट्यातून मोकळं करा आणि बेंबी, छाती नीट बघायला सांगा.